बारावी पीसीबी आहे, पण नीट नकोय!

प्रश्न : ताई, मी बारावी सायन्सला आहे (पीसीबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी), गाव बुलढाणा जिल्ह्यात. डॉक्टर व्हायचं नाहीये, म्हणून नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) नको, शेतीतलं शिकायला आवडेल, पण घरचे म्हणतात शेती तर आपण घरीच करतो त्यासाठी डिग्री कशाला? परवा एका एज्युकेशन फेअरला गेलो तर सगळे स्टॉलवाले नुसते फोन नंबर लिहून घेत होते.

उत्तर : अरे, त्या फेअरमध्ये कॉलेजच्या सीट विकायला बसलेले असतात, त्यामुळे तिथं फी आणि मान्यता एवढंच विचारायचं आणि नंबर द्यायचा नाही (मी एकदा दिला, अजून फोन येतात). बीएस्सी अ‍ॅग्री ४ वर्षांची आहे, नीट लागत नाही, पण एमएचटी-सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) द्यावी लागते. व्हेटर्नरीला (जनावरांचे डॉक्टर) मात्र नीट लागतेच हं. राज्यात कृषी विद्यापीठं ४ आहेत, राहुरी, अकोला, परभणी, दापोली, आणि फूड टेक्नॉलॉजी, फॉरेस्ट्री असेही कोर्सेस आहेत. तुला अकोला जवळ, तिथल्या विद्यापीठाची शिवार फेरी असते, प्रत्यक्ष पिकांचे प्लॉट बघता येतात, तर बाबांनाच घेऊन जा ना, तिथल्या मुलांशी बोल, होस्टेल-मेसचं खरं तेच सांगतील.