बंगला शेवटी, आधी एक हिवाळा

काका, नमस्कार.

तुम्ही पाठवलेली जाहिरात दोनदा वाचली. स्पेनमध्ये देनियाजवळ मोंत्गो डोंगराच्या उतारावर तीन बेडरूमचा बंगला, पोहण्याचा तलाव, गच्चीतून समुद्र, ‘ऐतिहासिक गावापासून दहा मिनिटं’, किंमत ४ लाख ६० हजार युरो. आणि तुमचा प्रश्न: ठाण्याचा फ्लॅट विकून काकूंसह इथे यावं का, बंगला घेतला की व्हिसा मिळतोच ना?

नाही मिळत. आधी हेच सांगते, कारण एजंट याबद्दल मुद्दाम मोघम बोलतात. ५ लाख युरोंचं घर घेणाऱ्याला राहण्याचा परवाना ही सोय २०१३ साली सुरू झाली आणि ३ एप्रिल २०२५ला बंद झाली. आता घर तुमच्या नावावर असलं तरी १८० दिवसांत ९० दिवस राहता येईल, तेही शेंगेन व्हिसा काढून. कायम राहायचं तर ‘नो लुक्रातिवा’ व्हिसा. इथे कमवायचं नाही, स्वतःच्या पैशांवर जगायचं. तुमच्यासाठी महिना २,४०० युरो आणि काकूंसाठी वर ६००, म्हणजे वर्षाचे ३६,००० युरो कागदावर दाखवावे लागतात. शिवाय खासगी आरोग्य विमा, त्यातही दर भेटीला आपल्या खिशातून काही भरावं लागणारा चालत नाही. जुन्या कंपनीला घरबसल्या सल्ला देत राहीन असं तुम्ही लिहिलंय, ते यात बसत नाही.

माझ्या मडगावच्या मैत्रिणीचं बरं आहे. वडिलांचा जन्म १९६१च्या आधीचा, त्यावर पोर्तुगीज पासपोर्ट निघाला, तिला इथे व्हिसाच लागला नाही. आपण पडलो रत्नागिरी-ठाण्याचे, आपल्याला रांग. तेव्हा व्हिसा हातात येईपर्यंत फ्लॅट विकू नका.

आता त्या ‘दहा मिनिटां’बद्दल. ती गाडीची. गाव सुरेख आहे, खोटं कशाला बोलू. रोमन लोकांचं दियानियुम ते हेच; अकराव्या शतकात इथे मुस्लिम राज्य होतं, टेकडीवरचा किल्ला त्या काळापासूनचा. एकोणिसाव्या शतकात इथले बेदाणे जहाजं भरभरून इंग्लंडला जायचे. संध्याकाळी बोटी परतल्या की लाल कोळंबीचा लिलाव होतो, तेव्हा मला आमचा मिरकरवाडा आठवतो, फक्त आरडाओरडा कमी. पण हे सगळं खाली. वर उतारावर दूध आणायलाही गाडी काढावी लागते. आणि तुमचा भारतीय वाहन परवाना इथे बदलून मिळत नाही. रहिवासी झाल्यावर सहा महिने चालतो, मग लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने द्यायच्या. रेल्वेचं म्हणाल तर देनिया ते गांदिया मार्ग १९७४ पासून बंद आहे, त्यामुळे वॅलेन्सियाला बस किंवा गाडी. आलिकान्तेला छोट्या रेल्वेगाडीने जाता येतं, बेनिदोर्मला बदलून.

आम्ही पहिले दोन हिवाळे अशाच एका बंगल्यात भाड्याने काढले. मोंत्गो ७५३ मीटर उंच, आणि देनिया त्याच्या उत्तरेला. डिसेंबरात आमच्या अंगणातलं ऊन दुपारी तीनलाच डोंगराआड जायचं. इकडची बरीच घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली: फरशी थंडगार, भिंती पातळ, हीटिंगच्या नावाने गॅसची एक शेगडी आणि नारिंगी सिलिंडर. जानेवारीत कपाटातल्या रेशमी साड्यांना बुरशी आली. श्रावणात येतो तसला कुबट वास, पण बाहेर पाऊस नाही! आजूबाजूच्या बारा घरांपैकी नऊंच्या खिडक्या ऑक्टोबर ते मे बंद. माझे अहो वॅलेन्सियाला कामाला. मी दिवसभर कुणाशी बोलू? शेवटी गावात, मार्केस दे काम्पो रस्त्यामागे, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला.

घेताना आम्हीही ठेच खाल्लीच. आधी एका बंगल्याचा सौदा ठरत होता. माझ्या वकीलबाईंनी ‘नोता सिंप्ले’, म्हणजे इथला सात-बारा म्हणा, काढला. खर्च दहा युरोंच्या आसपास. त्यात तलावच नव्हता आणि तिसरी बेडरूम ‘कोठार’ होती. मालक म्हणे, इथे सगळ्यांचं असंच असतं. असेलही, सोडून दिलं. तुम्ही हा कागद इसार देण्याआधी मागवा, जमीन ‘उर्बानो’ (शहरी, बांधकामाची) आहे की ‘रुस्तिको’ (शेतीची) ते बघा, सांडपाणी गटारात जातं की सेप्टिक टाकीत ते विचारा. वकील आपला करा, एजंटने सुचवलेला नको. झाडीला लागून असेल तर विम्यात वणवा आहे का ते बघा. सप्टेंबर २०१४मध्ये मोंत्गो पेटला होता.

इसार म्हणजे ‘आर्रास’, बहुतेक १० टक्के. तुम्ही मागे फिरलात तर गेले. मालक फिरला तर दुप्पट देतो. आपली अडचण वेगळीच असते: पैसे वेळेत पोचणं. भारतातून माणशी आर्थिक वर्षाला २.५ लाख डॉलर पाठवता येतात, दोघांचे ५ लाख. १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. समजा तुम्ही एकट्याने २ कोटी पाठवले, तर ३८ लाख वेगळे भरावे लागतील. रिटर्न भरल्यावर ते वळते होतात, पण तोवर अडकतात. माझ्या बँकेने एका फॉर्मवरून तीन आठवडे घालवले होते, तेव्हा करारात मुदत सैल ठेवा. जमलं तर इसार मार्चमध्ये आणि बाकी एप्रिलनंतर, म्हणजे दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात. किमतीवर इथला हस्तांतरण कर आमच्या वेळी १० टक्के होता. वर नोटरी, नोंदणी, वकील. युरोपीय संघाबाहेरच्या, इथे न राहणाऱ्या खरेदीदारांवर १०० टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा प्रस्ताव पंतप्रधान सांचेझ यांनी जानेवारी २०२५मध्ये मांडला होता. त्याचं पुढे काय झालं ते सही करण्याआधी वकिलाला विचाराच.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नाही. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तुमचं जगभरातलं उत्पन्न इथल्या करात येतं. पीपीएफचं व्याज तिकडे करमुक्त, इकडे नाही. ५० हजार युरोंहून जास्त ठेवी बाहेर असतील तर त्या वेगळ्या फॉर्मवर जाहीर करायच्या.

जानेवारीत दोन महिन्यांसाठी या, गावातच भाड्याने राहा. सोमवारी आठवडी बाजारात आणि शुक्रवारी भाजीला काकूंना मी नेईन. जाहिरातीतल्या घराचा नेमका पत्ता एजंटकडून मिळाला तर कळवा. येत्या रविवारी चारच्या सुमारास वर जाऊन ऊन कुठवर येतं ते बघून येते.