मागच्या स्प्रिंगा बदलताना जोर कोठे लावू नये

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक गाडी नऊ वर्षांची असून तिचे १ लाख १० हजार किलोमीटर झाले आहेत. दर आठवड्याला दिंडोरी तालुक्यातील गावी जाणे होते आणि टोमॅटोच्या हंगामात मागील सीट पाडून वीस किलोच्या पाच-सहा जाळ्या मी गाडीतूनच आणतो. गेल्या दोन महिन्यांपासून गाडी मागून डावीकडे बसल्यासारखी दिसते आणि गतिरोधकावरून उतरताना ‘टण्’ असा आवाज येतो. ओळखीच्या मिस्त्रींनी डावी स्प्रिंग तुटल्याचे सांगितले व तेवढी एकच बदलू असे सुचवले. मी स्वतः अंबडच्या एका कारखान्यात फिटर आहे. पाने आणि ट्रॉली जॅक माझ्याकडे आहेत. हे काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला करता येईल का? स्प्रिंग दाबून तारेने बांधल्याशिवाय निघत नाही, असे एका मित्राचे म्हणणे आहे. ते खरे आहे का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : तारेचा विषय प्रथम संपवतो, कारण तुमच्या पत्रात धोक्याची गोष्ट तेवढी एकच आहे. दाबलेली स्प्रिंग तारेने, दोरीने किंवा सायकलच्या साखळीने बांधणे हा निव्वळ अविचार आहे. एक ढोबळ हिशेब मांडून पाहा. मागच्या एका चाकावर दोनशे किलोचा भार आहे आणि त्या भाराखाली स्प्रिंग तिच्या मोकळ्या लांबीपेक्षा बारा सेंटीमीटर दबलेली आहे असे धरले, तर तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे १२० ज्यूल भरते. चार किलोचा घण तीन मीटर उंचीवरून पडावा, तेवढी ही ऊर्जा आहे. वळणावर घासत असलेल्या तारेच्या एका गाठीवर तो घण टांगून ठेवून आपण शेजारी तोंड नेणार आहोत का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा.

समाधानाची बाब अशी की तुमच्या प्रकारच्या गाडीत स्प्रिंग बांधण्याची बहुधा गरजच पडत नाही. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक गाड्यांना मागे टॉर्शन बीम असतो, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा, पीळ सहन करणारा दांडा. स्प्रिंग या दांड्यावरील वाटीत आणि वर बॉडीच्या वाटीत नुसती उभी असते आणि शॉकअप तिच्यापासून वेगळा, थोडा मागे बसवलेला असतो. गाडी उचलली की दांडा खाली लोंबतो, परंतु शॉकअप त्याला एका मर्यादेपुढे जाऊ देत नाही आणि म्हणून स्प्रिंगमध्ये थोडा दाब उरतो. शॉकअपचा खालचा बोल्ट काढून दांडा जॅकवरून सावकाश आणखी खाली घेतला, की तो उरलेला दाबही संपतो आणि स्प्रिंग हाताने उचलून काढता येते. या सगळ्या कामाची खूण माझ्या मते हीच आहे: स्प्रिंग काढताना टामी (लोखंडी पहार) घालून जोर लावावा लागत असेल, तर ती अजून मोकळी झालेली नाही असे समजून तेथेच थांबावे. तुम्ही पेशाने फिटर आहात, त्यामुळे ‘थोडा जोर लावला की निघेल’ ही सवय हाताला असणारच. ती या कामापुरती घरी ठेवावी.

मात्र आधी वाकून गाडीखाली पाहा. शॉकअप स्प्रिंगच्या मधोमध असेल, किंवा दांड्याऐवजी प्रत्येक चाकाला बॉडीशी जोडणारे दोन-तीन स्वतंत्र आर्म असतील आणि स्प्रिंग त्यांतील एकावर बसली असेल, तर वरील रीत लागू पडत नाही. तेथे स्प्रिंग दाबण्याचे खास कॉम्प्रेसर लागतात आणि ते काम गॅरेजमध्ये देणेच शहाणपणाचे ठरेल. पुढच्या चाकांच्या स्ट्रटबाबत (म्हणजे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग यांच्या एकत्र जोडणीबाबत) तर स्पष्ट सांगतो, की वरचा मधला नट हाच तेथे दाबलेल्या स्प्रिंगला अडवून धरतो. कॉम्प्रेसर न लावता तो सैल करणे म्हणजे तिचे तोंड आपल्या दिशेने उघडणे होय.

आता जागेविषयी. पुष्कळ सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवलेले असतात आणि ते या कामाला वाईट. ट्रॉली जॅक गाडी उचलत असताना स्वतः थोडा पुढे सरकतो. ब्लॉकच्या फटीत त्याचे चाक अडकले की जॅक जागेवर राहतो आणि गाडी त्याच्या डोक्यावरून घसरते. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजच्या अंगणात हे मी समोर पाहिले आहे. कोणाला इजा झाली नाही ती केवळ मुलगा त्या क्षणी पाना आणायला उठला होता म्हणून. सपाट काँक्रीटची जागा मिळत असेल तर तेथे गाडी न्यावी. नसेल तर जॅक आणि स्टँड (उचललेल्या गाडीखाली लावायचे लोखंडी टेकू) दोन्हींखाली जाड प्लायवूडचे रुंद तुकडे टाकावेत. विटा आणि पोकळ सिमेंट ब्लॉक मात्र आधाराला कधीही घेऊ नयेत. लाकूड चेपताना कुरकुरते, पोकळ ब्लॉक काहीच न सांगता फुटतो.

गाडी उचलण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अनुभवी माणसेही येथे फसतात. हॅचबॅक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. मागची चाके हवेत गेली की ओढलेल्या हँडब्रेकचा गाडी थांबवण्यासाठी काडीचाही उपयोग उरत नाही. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी (तुमच्या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना असल्याने गिअर त्यांनाच धरतो) आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे घट्ट लावावेत. चाकांचे नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यावेत. मग गाडी उचलून, उत्पादकाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या बॉडीच्या मजबूत जागांखाली दोन स्टँड लावावेत. ते दांड्याखाली लावून चालणार नाही, कारण दांडाच आपल्याला खाली घ्यायचा आहे. गाडीसोबत मिळणारा घडीचा जॅक पंक्चर झालेले चाक बदलून स्टेपनी लावण्यासाठी असतो. या कामात त्याला हात लावू नये. स्टँडवर भार आल्यावर गाडीला बाजूने दोन्ही हातांनी हलवून पाहावे आणि ती डगमगली तर सगळे उतरवून पुन्हा मांडावे. काढलेली दोन्ही चाके आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवण्याची माझी जुनी सवय आहे. स्टँड दगा देईल असे मला वाटते म्हणून नव्हे. चाके कोठेतरी ठेवायचीच असतात, तर ती तेथे ठेवावीत.

पुढचे काम शांतपणे केल्यास अवघड नाही. ट्रॉली जॅक दांड्याखाली, स्प्रिंगच्या वाटीजवळ लावून शॉकअपच्या बोल्टवरील ताण जाईल इतकाच वर घ्यावा. जॅकचा आधार नसताना तो बोल्ट काढला तर दांडा एकदम खाली कोसळतो आणि स्प्रिंग कोठे उडेल याचा नेम नसतो. दांडा दोन्ही चाकांना एकत्र बांधत असल्याने दोन्ही बाजूंचे खालचे बोल्ट काढावे लागतात. शक्य असल्यास दुसरा जॅक आणि दुसरा माणूस मदतीला घ्यावा. नऊ वर्षांच्या गाडीत हे बोल्ट गंजलेले असणार. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवल्यास अर्धी लढाई तेथेच जिंकली जाते. जॅक इंचाइंचाने उतरवताना एका माणसाने फक्त ब्रेकचा रबरी पाईप, एबीएसची वायर आणि हँडब्रेकची केबल यांवर नजर ठेवावी. यांपैकी काहीही ताणले जाऊ लागले की उतरवणे थांबवून त्यांचे क्लिप सोडवावेत. ब्रेकच्या पाईपवर दांड्याचे वजन एकदा आले तर वरून तो धड दिसला, तरी आतून इजा झालेली असू शकते.

तुटलेली स्प्रिंग हातात आली की ती कोठे तुटली ते पाहा. बहुतेक वेळा तळाचा वेढाच गेलेला आढळतो. वाटीत पाणी आणि चिखल साठतो, दगड लागून रंग उडतो, उघड्या पोलादावर गंजाचा बारीक खड्डा पडतो आणि प्रत्येक हेलकाव्यासरशी तडा त्या खड्ड्यातून आत सरकत जातो. त्यात तुमचे जाळ्यांचे ओझे आहेच. मागच्या एक्सलच्याही पलीकडे ठेवलेले शंभर किलो मागच्या चाकांवर शंभर किलोपेक्षा जास्त भार टाकतात, कारण तरफेच्या नियमाने तेवढ्या प्रमाणात पुढची चाके हलकी होतात. तुटलेले टोक टायरच्या आतील बाजूला घासत होते का, हेही तपासावे. तेथे कापल्याची खूण दिसली तर टायर बदलण्याला पर्याय नाही. त्याच कारणाने, हे काम होईपर्यंत गाडी गावी नेऊ नका.

एकच स्प्रिंग बदलण्याचा मिस्त्रींचा सल्ला मला मान्य नाही. उजवी स्प्रिंगही तेवढीच वर्षे तेवढ्याच ओझ्याखाली बसली आहे. नवी व जुनी शेजारी बसवल्यास गाडी आता उजवीकडे झुकेल आणि वळणावर दोन्ही बाजू वेगळ्या वागतील. जोडी बदलावी. द्वारका परिसरात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे खरेदी करताना केवळ गाडीचे नाव न सांगता मॉडेल, वर्ष आणि इंजिनाचा प्रकार सांगावा, तसेच स्प्रिंगवरील रंगाच्या पट्ट्या जुन्या जोडीशी ताडून पाहाव्यात, कारण एकाच गाडीच्या दोन प्रकारांत वेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा असू शकतात. वरच्या-खालच्या रबरी गाद्याही त्याच वेळी नव्या घ्या.

बसवताना स्प्रिंगचे टोक वाटीतील किंवा गादीतील पायरीला नीट टेकले पाहिजे. दांडा वर घेताना ते फिरून सरकते, म्हणून डोळे तेथेच ठेवावेत आणि बोटे बाहेर. शॉकअपचे बोल्ट आधी हातानेच बसवावेत आणि अंतिम आवळणी गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतर, टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे करावी. चाके लोंबत असताना बोल्ट आवळला तर शॉकअपमधील रबरी बुश, म्हणजे बोल्टभोवतीची रबरी नळी, त्या स्थितीत जखडतो आणि गाडी खाली येताच कायमचा पिळलेला राहून लवकर फाटतो. चाकांचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

एवढे वाचून मन कच्चे झाले असेल, तर त्यात कमीपणा नाही. गॅरेजच्या लिफ्टवर हे काम थोड्या वेळात होते. पण तुमच्यासारख्या जाणकाराने ते योग्य जागेत, दोघांनी मिळून केले, तर मला त्यात गैर दिसत नाही.

प्रश्न : स्प्रिंग तुटलेली नाही, पण पाच जण बसले की गाडी मागून घासते. स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसणारे रबरी बफर बाजारात मिळतात. नवीन स्प्रिंगांचा खर्च टाळून ते बसवावेत का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : प्रथम मोजमाप घ्या. चारही टायरमध्ये योग्य हवा भरून, रिकामी गाडी सपाट जागी उभी करून, चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजा आणि शक्य असेल तर त्याच मॉडेलच्या कमी वापरलेल्या गाडीशी ताडून पाहा. गाडी रिकामी असतानाच बसलेली असेल, तर स्प्रिंगा थकल्या आहेत आणि बफर हा त्यावरचा उपाय नव्हे. बफर ज्या वेढ्यांत अडकतो ते वेढे काम करीनासे होतात. स्प्रिंगचा ताठरपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहापैकी एक वेढा बाद झाला की ती सुमारे वीस टक्के अधिक ताठ होते आणि राहिलेल्या पाच वेढ्यांना जास्त वाकावे लागते. गाडी उंच दिसते, पण जुन्या पोलादावरचा ताण वाढतो आणि बफरखाली चिखल धरून राहतो तो निराळाच. स्प्रिंगचा वेढा कापून गाडी खाली बसवणाऱ्या तरुण वाचकांनाही हेच गणित लागू आहे. त्यांच्या बाबतीत तर कापलेले टोक वाटीत धड बसतही नाही.

प्रश्न : गेल्या महिन्यात दोन्ही मागच्या स्प्रिंगा बदलून घेतल्या. त्र्यंबक रस्त्याने जाताना आता मागून ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाडीही पूर्वीपेक्षा उंच वाटते. काही चुकले आहे का?
— एक वाचिका, सातपूर

उत्तर : उंचीची काळजी नसावी. जुन्या स्प्रिंगा हळूहळू बसत गेल्याने तुमच्या डोळ्यांना ती खालची पातळीच सवयीची झाली होती. मागचा भाग उंचावल्याने हेडलाइटचा झोत आता थोडा जवळ पडत असेल, तेवढा तो जुळवून घ्यावा. आवाज मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्प्रिंगचे टोक पायरीला न टेकता अलीकडे-पलीकडे राहिले असेल, तर ते खड्ड्यात फिरून असाच आवाज करते. शॉकअपचा खालचा बोल्ट सैल राहिला असेल, तरीही असाच आवाज येतो. ज्या गॅरेजने काम केले तेथे जाऊन गाडी लिफ्टवर घ्यायला सांगा आणि दोन्ही टोके स्वतः पाहा. बोल्ट सैल आढळला तर तो गाडी लिफ्टवर असताना आवळू देऊ नका. गाडी खाली उतरवून, चाकांवर भार असताना आवळायला सांगा.