वाचकांचे प्रश्न : वाडीची माणसं, प्रभागाची हद्द

जनगणना तोंडावर आल्यापासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातून प्रभागरचनेबद्दल बरीच पत्रं आली. त्यातले चार प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या गावात 2011 नंतर कित्येक घरांना कुलपं लागली. तरी प्रभाग त्याच आकड्यांवर पाडतात. ग्रामपंचायतीने स्वतः मोजणी करून दिली तर ती धरतील का? (राजापूर तालुका)

नाही धरणार. पंचायतींच्या कामासाठी लोकसंख्या कोणती घ्यायची, हे राज्यघटनेच्या कलम 243 मध्येच सांगितलं आहे. शेवटच्या जनगणनेतली, आणि तीही आकडे प्रसिद्ध झालेली. 2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून 2011 चे आकडे अजून चालू आहेत. रेशनकार्डांची संख्या किंवा आशाताईंची कुटुंबयादी कितीही खरी असली, तरी इथे तिचा उपयोग नाही.

सदस्यसंख्या किती असावी हे मात्र राज्याचा कायदा ठरवतो, आणि तो बदलता येतो. 2022 मध्ये जिल्हा परिषदेची मर्यादा 50 ते 75 वरून 55 ते 85 केली गेली आणि त्याच वर्षी पुन्हा पहिल्यावर आणली गेली. नवे आकडे हाती नसताना अशी वाढ करणं आम्हाला चूक वाटतं. अंदाजाने लोकसंख्या वाढली असं धरलं, की कोकणासारख्या माणसं कमी होणाऱ्या भागाचं खरं चित्रच पुसलं जातं. रत्नागिरी जिल्हा 2001 मध्ये 16,96,777 होता, 2011 मध्ये 16,15,069 झाला. सिंधुदुर्ग 8,68,825 वरून 8,49,651 वर आला.

2027 च्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की फरक पडेल तो काठावरच्या गावांना. ग्रामपंचायतीत 1,500 लोकसंख्येपर्यंत 7 सदस्य, 3,000 पर्यंत 9, 4,500 पर्यंत 11, 6,000 पर्यंत 13, 7,500 पर्यंत 15 आणि त्यापुढे 17. तुमचं गाव 2011 मध्ये 1,540 असेल आणि आता 1,480 भरलं, तर दोन जागा जातील, प्रभाग नव्याने पडतील आणि आरक्षणही नव्याने निघेल. जिल्हा परिषदेत सिंधुदुर्ग आधीच किमान मर्यादेवर, म्हणजे 50 वर आहे. त्याखाली जाता येत नाही. पण कोणत्या तालुक्याला किती गट (जिल्हा परिषदेचे मतदारसंघ), ही वाटणी बदलू शकते.

आमची वाडी वहाळाच्या (ओढ्याच्या) अलीकडे, पण प्रभाग पलीकडचा. पावसात साकव (छोटा पूल) पाण्याखाली गेला की मतदान केंद्राला सड्यावरून (माळावरून) वळसा पडतो. मागच्या वेळी हरकत दिली, ती फेटाळली. काय चुकलं असेल? (कुडाळ तालुका)

बहुतेक हरकती एकाच कारणाने पडतात. ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं लिहिलेलं असतं, पण वाडी हलवल्यावर दोन्ही प्रभागांची बेरीज किती होते ते नसतं. सुनावणी घेणारा अधिकारी तीच बेरीज बघतो.

हिशेब असा मांडा. समजा गावाची लोकसंख्या 2,160 आणि सदस्य 9. भागून एका सदस्यामागे 240 आले. एका प्रभागात 2 किंवा 3 सदस्य असतात; तीन सदस्यांचा प्रभाग 720 चा हवा. त्यात 10 टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे 648 ते 792. प्रभागरचनेच्या मसुद्यात प्रभाग 1 मध्ये 770, प्रभाग 2 मध्ये 650 आणि प्रभाग 3 मध्ये 740 आहेत. तुमची 95 माणसांची वाडी 1 मधून 2 मध्ये नेली, तर 675 आणि 745 होतात. दोन्ही मर्यादेत बसतात. आता वाडी 150 ची असती तर 620 आणि 800 झाले असते, दोन्ही बाहेर. अशा वेळी बदल्यात दुसरी कोणती वाडी इकडे यावी, तेही तुम्हीच सुचवायचं. नुसतं ‘आम्हाला काढा’ म्हटलं तर अर्ज तिथेच संपतो.

दुसरी अडचण प्रगणक गटाची. जनगणनेला आलेला माणूस जेवढी घरं मोजतो, तो एक गट, आणि तो शक्यतो अखंड ठेवतात. वहाळाच्या दोन्ही काठांची घरं एकाच गटात असतील, तर हद्द वहाळावर आणणं कठीण जातं. म्हणून मसुदा लागला की आधी तहसील कार्यालयात नकाशा आणि गटवार लोकसंख्या बघा. आपली वाडी कोणत्या गटात आहे ते उतरवून घ्या, मगच लिहायला बसा.

अर्जात वहाळ, रस्ता, साकव नकाशावर दाखवा. नदी, नाले, डोंगर, रस्ते यांच्या हद्दी पाळाव्यात हा रचनेचा नियमच आहे. त्यामुळे वळशाचं अंतर किलोमीटरमध्ये लिहिलंत तर त्याला वजन येतं. प्रभागांचे क्रमांक उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेला संपतात, तोही क्रम तपासा. ग्रामपंचायतीची हरकत तहसीलदारांकडे देतात, सुनावणी प्रांताधिकारी घेतात. जिल्हा परिषद गटाची हरकत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि निर्णय कोकण विभागाचे आयुक्त देतात.

मुदत फार थोडी असते. 2025 मध्ये जिल्हा परिषद गटांचा मसुदा 14 जुलैला आला आणि हरकती 21 जुलैला बंद झाल्या. भर पावसात, लावणीच्या दिवसांत. नंतर कोर्टात जाऊ म्हणून थांबू नका. प्रभाग पाडण्याच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असं कलम 243-ण मध्ये स्पष्ट आहे.

आम्ही मुंबईत, घर देवगडला. गावची संख्या घटू नये म्हणून जनगणनेत गावी नाव लावावं का? (बोरिवली)

नाही. जिथे राहता तिथेच मोजले जाल, आणि खोटी माहिती देणं जनगणना कायद्याने गुन्हा आहे. घरयादीच्या फेरीत गावचं बंद घर ‘घर’ म्हणून नोंदलं जाईल, पण त्यात माणसं शून्य. माणसांची गणना फेब्रुवारी 2027 मध्ये, संदर्भ 1 मार्च 2027 ची मध्यरात्र. शिमगा त्या वर्षी मार्चच्या उत्तरार्धात आहे, तेव्हा चाकरमानी गावात नसतीलच. गावी नोंद नाही म्हणून सातबाऱ्याला किंवा घरपट्टीला धक्का लागत नाही. जनगणनेतली व्यक्तिगत माहिती गोपनीय असते.

उलटही ध्यानात घ्या. गणनेच्या पूर्ण काळात जो आपल्या घरापासून दूर असतो, तो जिथे असेल तिथे मोजला जातो. म्हणजे आंब्याच्या बागेत राखणीला असलेले नेपाळी कामगार किंवा बंदरातले परराज्यातले खलाशी गावच्या लोकसंख्येत येऊ शकतात, मतदारयादीत नाही. प्रभाग लोकसंख्येवर पडतात, म्हणून सारख्या लोकसंख्येच्या प्रभागांत मतदार कमी-जास्त दिसतात. दर वेळी तो घोळच असतो असं नाही.

मतदारयादीत मात्र नाव एकाच ठिकाणी ठेवा. दोन्हीकडे असेल तर एकीकडचं काढून घ्या.

माझं नाव शेजारच्या प्रभागाच्या यादीत गेलं आणि मुलाचं आलंच नाही. दोन्हीला एकच अर्ज चालेल का? (गुहागर तालुका)

चालणार नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागवार फोडतो. नवीन नावं तो घालत नाही. तुमची चूक यादी फोडतानाची आहे, तिची हरकत प्रारूप यादीच्या मुदतीत तहसील कार्यालयात द्या. सोबत एकाच घर क्रमांकातल्या दुसऱ्या मतदाराचा अनुक्रमांक जोडा, काम लवकर होतं. मुलाचं नाव विधानसभेच्या यादीतच नसेल, तर नमुना 6 (नवीन नाव नोंदवण्याचा अर्ज) भरावा लागेल, आणि आयोगाने ठरवलेल्या तारखेआधी ते चढलेलं असलं तरच या निवडणुकीत त्याला मत देता येईल. दोन्ही अर्जांची पोच तारीख-शिक्क्यासह घ्या.