सर्टिफिकेट आलं, आता पुढं?

प्रश्न : मी आंबेवाडीच्या बचाव पथकात आहे. सीपीआरचा (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून, तोंडानं श्वास देऊन जीव वाचवायचा) ऑनलाइन कोर्स झाला. पुराआधी एवढं बास का?

उत्तर : नाही रे भावा. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका, मदतीला ११२, हे मोबाइलवर पाठ होतं. पण मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर छाती दाबायला किती जोर लागतो, ते सरावाच्या पुतळ्यावरच कळतं. अग्निशमन दलात असताना मी धट्टीकट्टी पोरं दोन मिनिटांत धापा टाकताना बघितलीत. तेव्हाच दाबायचं काम जोडीदाराकडं द्यायचं. बुडालेल्याचा श्वास थांबला असेल तर आधी तोंडानं श्वास द्या. पोट दाबून पाणी काढू नका (आपल्याकडं हौसेनं करतात!). दोरी फेकायचा सराव मे महिन्यातच उरका.