टाळेबंदीचा हिशेब मांडताना

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. २०२० च्या टाळेबंदीने किती जीव वाचले आणि किती रोजगार बुडाले, हा प्रश्न चांगला आहे. पण कशाच्या तुलनेत, ते त्यात लिहिलेलं नाही. टाळेबंदी नसती तर सगळं फेब्रुवारीसारखं सुरू राहिलं असतं, हे गृहीतक काढून टाक. लोक भीतीनेही घरी बसतात. अमेरिकेत गूल्सबी आणि सिव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी फोनच्या नोंदींवरून दाखवलं की दुकानांतली वर्दळ ६० टक्क्यांनी घटली आणि त्या ६० पैकी सरकारी आदेशामुळे फक्त ७. हा आकडा मात्र इकडे लावू नकोस. आपल्याकडे रेल्वे बंद होती, नाक्यानाक्यावर पोलीस होते, आणि हातावर पोट असलेल्याला भीतीपोटी घरी बसणं परवडत नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. २५ मार्च ते ३ मे बंदी देशभर जवळपास एकसारखी होती, म्हणजे तुलनेला मोकळा जिल्हाच नाही. फरक दिसतो तो ४ मेपासून : १३० जिल्हे लाल (सर्वांत कडक बंदी), २८४ नारिंगी, ३१९ हिरवे (सर्वांत सैल). पण रंग ठरले ते मुख्यतः रुग्णसंख्येवरून. लाल जिल्ह्यात पुढे मृत्यू जास्त दिसले, तर तो बंदीचा परिणाम नव्हे. म्हणून रंगाच्या सीमारेषेजवळचे, एकमेकांसारखे जिल्हे निवड आणि ४ मेच्या आधी त्यांचे मृत्यूंचे आणि रोजगाराचे आलेख समांतर होते का ते तपास. नसतील, तर ती जोडी सोडून दे. गूगलच्या वर्दळीच्या आकड्यांचा पाया, म्हणजे ज्याच्याशी तुलना केली तो काळ, ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० चा आहे; मे महिन्यातला उन्हाळा त्यात नाही, हेही धरून चाल.

मृत्यू मोजताना संसर्गानंतर तीन-चार आठवडे पुढे बघ. नोंदणीकृत मृत्यू २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख. ही वाढ थेट कोविडच्या खात्यात टाकशील तर फसशील, कारण २०१८ मध्ये ते ६९.५ लाख होते. साथ नसतानाही नोंदणी सुधारल्याने आकडा चढत होता. रस्ते अपघातांतले मृत्यू २०१९ मधल्या १.५१ लाखांवरून २०२० मध्ये १.३२ लाखांवर आले, ते वेगळे काढ. उलट क्षयरोगाच्या नोंदी २४ लाखांवरून १८ लाखांवर घसरल्या. ते रुग्ण बरे झाले नव्हते, तपासणीलाच पोहोचले नव्हते. त्यांची किंमत पुढच्या वर्षांत दिसते, म्हणून अभ्यास डिसेंबर २०२० ला थांबवू नकोस.

अर्थव्यवस्थेत एप्रिल-जूनची घसरण आधी २३.९ टक्के सांगितली गेली, पुढे २४.४ झाली, कोणत्या तारखेचा अंदाज घेतलास ते लिहून ठेव. असंघटित क्षेत्राचा अंदाज बराचसा संघटित क्षेत्राच्या आकड्यांवरून बांधतात. ज्यांना सर्वाधिक फटका बसला, त्यांचाच आकडा सर्वांत कच्चा. मनरेगाचे मनुष्यदिवस (एका माणसाचं एका दिवसाचं काम) २०१९-२० मधल्या २६५ कोटींवरून २०२०-२१ मध्ये ३८९ कोटींवर गेले, ते रोजगारवाढ म्हणून मांडू नकोस. ती हलाखीची खूण आहे.

मुंबईची सरासरी तर वापरूच नकोस. जुलै २०२० मध्ये तीन वॉर्डांतल्या रक्ततपासणीत झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं (संसर्ग होऊन गेल्याची निशाणी) आढळली, बाहेर १६ टक्क्यांत. आदेश एकच होता. पण दहा बाय दहाच्या खोलीत आणि सार्वजनिक संडासाच्या रांगेत अंतर कसं ठेवणार? आधी वस्तीनिहाय तक्ता करून पाठव, समीकरणं त्यानंतर.