बोटीवर जा, पण सूर्य मावळायच्या आधी चढा

वाचकांचे प्रश्न : सहल आणि प्रवास

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही इंदिरानगरमधल्या भिशीच्या बायका, सगळ्या पन्नाशी-साठीतल्या, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गोव्याला निघालोय. नाशिक रोडहून मंगला एक्सप्रेसची तिकिटं झाली आहेत. ग्रुपमधल्या दोघींनी पणजीच्या ‘सनसेट पार्टी क्रूझ’चं नाव काढलंय. मी ५९ वर्षांची. मला घाटात गाडी लागते, गुडघे दुखतात, मी शाकाहारी आहे आणि दारूचा वासही मला सोसत नाही. शिवाय माझे यजमान जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा-सून ‘खुशाल जा’ म्हणतात. पण जाऊबाई म्हणाल्या, ‘या वयात, आणि आता तुझं असं झाल्यावर, पार्टीच्या बोटीवर?’ तेव्हापासून मन लागत नाहीये. बाकीच्या बोटीवर जातील तेव्हा मी हॉटेलवरच थांबू का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, हॉटेलवर थांबायचं नाही. बाकीचं सविस्तर सांगते, पण हे आधी.

पार्टी बोट म्हटल्यावर जाऊबाईंच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मी समजू शकते. नाशिकहून बायकांच्या सहली नेताना हा प्रश्न मला निघायच्या आदल्या बैठकीत हमखास कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं. प्रत्यक्षात मांडवी नदीवरची ही फेरी तासाभराची असते. पणजीतल्या सांता मोनिका जेटीवरून, मांडवीच्या पुलांपासून अगदी जवळून, बोट सुटते, नदीच्या मुखाच्या दिशेने जाते आणि वळून परत येते. वरच्या डेकवर छोटं स्टेज, समोर खुर्च्या. कोंकणी गाणी, ‘देखणी’ नावाचा नाच, फुगडी, पोर्तुगीज वळणाचा कोर्रिदिन्यू नाच आणि अधूनमधून डीजे. प्रेक्षकांत आपल्याकडचीच कुटुंबं, नवी जोडपी, आजी-आजोबा, कडेवर पोरं घेतलेल्या आया. बार असतो, पण घ्याच म्हणून कोणी मागे लागत नाही. लिंबू सोडा मागवा आणि बारच्या काउंटरपासून लांबच्या, मोकळ्या वाऱ्याच्या खुर्च्या धरा. बोटीवरच्या खाण्यावर जेवण काढू नका. उतरल्यावर पणजी शहरात शाकाहारी थाळी सहज मिळते.

एक मात्र लक्षात ठेवा. मांडवीतच कॅसिनोची मोठी जहाजं नांगरून उभी असतात आणि तिथे माणसं छोट्या बोटीने नेतात. तो प्रकार निराळा. रस्त्यात कोणी ‘क्रूझ, क्रूझ’ करत तिकीट पुढे केलं तर घेऊ नका. जेटीवरच्या खिडकीवर जाऊन, नदीची फेरी आणि सांस्कृतिक कार्यक्रम असलेली बोट, असं स्पष्ट सांगून तिकीट काढा.

आता वेळेचं. सूर्यास्तासाठी म्हणून गेलेल्या कितीतरी बायका सूर्य न बघताच परत येतात, त्यामुळे हे नीट वाचा. डिसेंबरच्या सुरुवातीला पणजीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, महिनाअखेरीला सव्वासहाच्या आसपास. मे महिन्यात तोच सातला मावळतो. सूर्याचं बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत आपल्याकडे जेमतेम दोन-अडीच मिनिटं लागतात. म्हणजे डिसेंबरात सहाच्या फेरीचं तिकीट हातात असेल, तर दोर सोडून बोट काठापासून लांब होईस्तोवर सूर्य गेलेला असतो. मे महिन्यात मात्र तीच सहाची फेरी उत्तम. तुम्ही डिसेंबरात जाताय, तेव्हा खिडकीवर पहिला प्रश्न हा विचारा की सूर्य मावळायच्या निदान अर्धा तास आधी सुटणारी फेरी कोणती. साडेपाचच्या सुमाराची मिळाली तर तीच घ्या. सहाचीच मिळाली तर जेटीवर लवकर पोहोचा, पहिल्या रांगेत चढा आणि बोट सुटायची वाट न बघता वरच्या डेकवरून पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहा. सव्वासातची फेरी डिसेंबरात संपूर्ण अंधारातली असते. दिवे बघायला छान, पण त्याला सनसेट म्हणू नये.

बसायचं कुठे तेही सांगते. बोट मुखाकडे निघाली की डाव्या हाताला पणजी, कांपाल, मिरामार आणि उजव्या हाताला बेती, रेइश मागुशचा किल्ला, पुढे आग्वादचं टोक. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, म्हणून तो समोर डावीकडे, पणजीच्या अंगाला उतरतो. उन्हाळ्यात तो रेइश मागुशच्या बाजूला जातो. हे आपल्याला नाशिकमध्ये बसूनही पडताळता येतं. कॉलेज रोडच्या कुठल्याही उंच गच्चीवरून डिसेंबरात सूर्य अंजनेरीच्या दिशेला मावळतो आणि मे महिन्यात गंगापूर धरणाच्या बाजूला. तेव्हा तुमच्या ग्रुपने डावीकडच्या, पुढच्या खुर्च्या पकडायच्या.

बोट लागण्याची भीती मांडवीत फार धरू नका. नदीचं पाणी संथ असतं. डोलणं जाणवतं ते मुखाजवळ, जिथे समुद्राच्या लाटा आत येतात. घाटात गाडी लागते त्याचं कारण असं की कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो, शरीर हलतंय. डोळ्यांपुढे मात्र पुढच्या सीटची पाठ नाहीतर मोबाइल असतो, तो स्थिर. हे दोन निरोप जुळत नाहीत आणि मळमळायला लागतं. म्हणून बोटीवर मोबाइलमध्ये डोकं घालायचं नाही, लांबच्या काठावर नजर ठेवायची. अगदी टोकाला बसू नका, टोकं जास्त वर-खाली होतात. मागच्या बाजूला डिझेलचा धूर येतो, तीही जागा नको. दुपारी हलकं जेवा, पण उपाशी पोटी चढू नका. आल्याची वडी पर्समध्ये असू द्या, मी स्वतः नेहमी ठेवते. गोळी घेणार असाल तर ती बोटीत चढायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. या गोळ्यांनी गुंगी येते, आणि काचबिंदू असेल तर काही गोळ्या चालत नाहीत. आपल्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून ठेवा.

गुडघ्यांसाठी दोनच गोष्टी. वरच्या डेकचा जिना लोखंडी, अरुंद आणि उभा असतो. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा, आणि पायात मागे पट्टा असलेली चप्पल. जिना बोट सुटण्याआधी चढा आणि बोट काठाला बांधून झाल्यावरच, गर्दी ओसरल्यावर, उतरा. आणि मडगावला उतरलात त्याच संध्याकाळची बोट ठरवू नका. मडगाव ते पणजी रस्ता तीस-पस्तीस किलोमीटरचा, त्यात गाडीला उशीर होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तास-दीड तास आडव्या व्हा आणि मग निघा.

बोटीच्या सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगितल्याशिवाय राहणार नाही. ७ मे २०२३ रोजी केरळात तानूर इथे पर्यटकांची दुमजली बोट संध्याकाळच्या फेरीत उलटली आणि २२ जण गेले, त्यात लहान मुलं कितीतरी होती. बोटीत प्रमाणाबाहेर माणसं भरली होती. दुमजली बोटीत वरच्या मजल्यावर गर्दी झाली की तिचा तोल नाजूक होतो, आणि सूर्य टेकला की सगळेच एका कठड्याकडे धावतात. म्हणून चढताना लाइफ जॅकेट कुठे आहेत ते विचारा, एक अंगावर चढवून बंद कसे लागतात ते बघा. कर्मचाऱ्यांनी ‘एका बाजूला गर्दी करू नका’ म्हटलं तर ऐका, आणि तुमच्या ग्रुपलाही ऐकायला लावा. खुर्च्या भरून माणसं उभी राहायला लागलेली दिसली तर त्या फेरीत चढू नका. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्या.

आता जाऊबाईंचं बोलणं.

ताई, त्या बोटीवर एक क्षण असा येईल, जो तुम्हाला आधी माहीत असलेला बरा. निवेदक आळीपाळीने सगळ्यांना स्टेजवर बोलावतो. आधी लहान मुलं, मग जोडपी, मग बायका, मग पुरुष. जोडप्यांची हाक आली की तुमच्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या होतील, एखादं संथ गाणं लागेल आणि तुम्हाला यजमानांची आठवण येईल. येऊ दे. रडू आलं तरी अंधार पडत आलेला असतो आणि सगळ्यांचं लक्ष स्टेजकडे असतं. तेव्हा खुर्चीत अवघडून बसू नका, कठड्याजवळच्या बाकावर जाऊन पाण्याकडे बघत बसा. सूर्य गेल्यावरची दहा-पंधरा मिनिटं आभाळाचा रंग सगळ्यात गडद असतो, तो नेमका या गाण्याच्या वेळेला असतो. भिशीतल्या जिच्याशी तुमचं सगळ्यात जास्त जमतं तिला आधीच सांगून ठेवा, त्या गाण्याला माझ्याजवळ बस. मैत्रिणीला एवढं सांगायला संकोच कसला?

त्यानंतर बायकांची हाक येते. आमच्या एका सहलीत देवळालीच्या एक काकू होत्या, पासष्टीच्या पुढच्या, यजमान गेल्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या. बाकीच्या स्टेजवर गेल्या तरी त्या पर्स छातीशी धरून बसून होत्या. लाल चौकड्यांची कुणबी साडी नेसलेली एक नाचणारी मुलगी त्यांच्यापुढे येऊन नुसते दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. बोलली काही नाही. काकूंनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली, पदर कमरेला खोचला आणि तिच्याबरोबर फुगडीचे चार-पाच फेरे घातले. परत आल्यावर त्यांना धाप लागली होती, केस सुटले होते. म्हणाल्या, ‘मंगळागौरीनंतर आजच घातली हो.’ रात्री खोलीत त्यांनी मुलीला फोन करून सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं.

तुमचे गुडघे दुखतात, तेव्हा फुगडी नको. पण स्टेजवर जा, मैत्रिणींच्या घोळक्यात उभ्या राहून टाळ्या वाजवा. तिथे तुम्हाला कोणी कुंकवावरून, मंगळसूत्रावरून ओळखत नाही.

जाऊबाईंशी भांडू नका. त्या वाईट म्हणून बोलल्या नसतील, आपल्याला जे शिकवलं गेलं तेच बोलल्या असतील. पण ते शिकवणं चुकीचं आहे, हे मी स्पष्ट लिहिते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांच्या बाबतीतल्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. शिरोळ तालुक्यातलं एक खेडं हे करू शकतं, तर नाशिकसारख्या शहरात आपण एका बाईला तासाभराच्या बोटीवरून अडवायचं? पणजीच्या बाजारात अबोलीच्या वेण्या मिळतात. मनात आलं तर एक घ्या आणि माळा. नाही आलं तर नका माळू. पण ते तुमच्या मनावर असू दे, जाऊबाईंच्या नाही.

परत आलात की मला पुन्हा एक पत्र टाका.

प्रश्न : मी अंबड एमआयडीसीत नोकरीला आहे. मित्राच्या वाढदिवसाला आम्ही आठ जण मुंबईला गेटवेवरून यॉट भाड्याने घेऊन समुद्रात बुडणारा सूर्य बघायचं म्हणतोय. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन त्याच गाडीने रात्री परत. जमेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन अडचणी आहेत. गेटवे मुंबई बंदराच्या बाजूला, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून आहे. तिथल्या पाण्यातून पाहिलं तर सूर्य समुद्रात बुडत नाही, कुलाब्याच्या इमारतींमागे जातो. नारिंगी आभाळावर गेटवे आणि ताजचा घुमट काळे उमटलेले दिसतात, ते दृश्यही घेण्यासारखं आहे, पण तुम्हाला हवं आहे ते हे नव्हे. समुद्रात बुडणारा सूर्य मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरून फुकट दिसतो. दुसरी अडचण गाडीची. पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते. तुम्ही बोटीवर असाल तेव्हा ती दादर गाठत असेल. रात्रीच्या एखाद्या गाडीचं नाशिक रोडपर्यंतचं आरक्षण आधी करा, नाहीतर एक मुक्काम धरा. रात्री पिऊन कसारा घाटात गाडी चालवत यायचं तर अजिबात ठरवू नका.

यॉट घेणारच असाल तर आठांपैकी पोहता किती जणांना येतं ते आधी विचारा. ज्यांना येत नाही त्यांनी पूर्ण वेळ जॅकेट अंगावर ठेवायचं, फोटोसाठीसुद्धा काढायचं नाही. पावसाळ्यात हा बेत आखू नका, त्या दिवसांत खाजगी बोटींची ये-जा बंदच असते. केक बोटीवर कापणार असाल तर मेणबत्ती वाऱ्यात टिकत नाही, ती जेटीवरच पेटवा.