शब्दचर्चा : रॅप, थाप आणि ‘नुसते बोलणे’

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील एका भगिनींनी कळवले आहे की, गणेशोत्सवात त्यांच्या भागातील तालीम मंडळाने घेतलेल्या गायन स्पर्धेत त्यांच्या महाविद्यालयीन मुलाने स्वतः रचलेला रॅप सादर केला, तेव्हा परीक्षकांनी “हे गाणे नव्हे, हे नुसते बोलणे आहे, फार तर बडबडगीत म्हणा” असे ध्वनिक्षेपकावरून जाहीर करून त्याला गुण न देताच खाली बसवले. भगिनींचा प्रश्न असा की, रॅपला बडबडगीत म्हणणे मराठीत योग्य आहे काय, आणि नसल्यास मराठीत त्याला काय म्हणावे? मुलाच्या रचनेतील दोन ओळीही त्यांनी सोबत पाठवल्या आहेत, त्यांच्याकडे शेवटी येतो.

बडबडगीत म्हणणे योग्य नाही. तो शब्द लहान मुलांच्या, अर्थापेक्षा नादावर चालणाऱ्या गाण्यांसाठी मराठीत पक्का झालेला आहे, आणि पक्क्या झालेल्या शब्दाचा शिवीसारखा उपयोग करणे हा त्या शब्दाचाच अपमान आहे. चांगले बडबडगीत रचणे किती अवघड असते, हे ज्यांनी कधी नातवंडांसाठी चार ओळी जुळवून पाहिल्या आहेत त्यांना विचारावे.

‘रॅप म्हणजे रिदम अँड पोएट्री, या शब्दांची आद्याक्षरे’ असे सांगणारे एक तरी गृहस्थ प्रत्येक सभेत भेटतात. याच प्रश्नावर आमच्या ग्रंथालयात बोलणे निघाले, तेव्हा तिघांनी मला ही माहिती स्वतंत्रपणे आणि सारख्याच आत्मविश्वासाने दिली. शाळेत ‘न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साऊथ’ असे शिकवत असत, त्याच टोपलीतील ही भाजी आहे. रॅप हा इंग्रजीतील मध्ययुगापासूनचा शब्द असून त्याचा मूळ अर्थ ठोका, टकटक, हलका फटका असा आहे. पुढे फटकन तोंडातून काढलेल्या शब्दासाठी तो वापरला जाऊ लागला, विसाव्या शतकात अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत गप्पा मारणे हा अर्थ त्याला मिळाला, आणि ठेक्यावर यमकांत बोलण्याची कला उदयास आली तेव्हा हाच शब्द तिला चिकटला. आद्याक्षरे मागाहून कोणीतरी बसवली. हिप-हॉप आणि रॅप हेही एकच नव्हेत. तबकड्या फिरवणारा, ठेक्यावर बोलणारा, जमिनीवर गिरक्या घेऊन नाचणारा आणि भिंती रंगवणारा, अशा चौघांचे मिळून जे घर होते ते हिप-हॉप. त्यातल्या एकाचे काम रॅप.

आता परीक्षकांच्या वाक्याकडे वळतो, कारण माझा खरा राग त्यावर आहे. ‘हे गाणे नव्हे, नुसते बोलणे आहे.’ या वाक्यातील ‘नुसते’ हा शब्द ज्या भाषेत उच्चारला गेला, त्या भाषेला तो मुळातच मान्य नाही.

संस्कृतमध्ये ‘वद्’ म्हणजे बोलणे. त्याचे प्रयोजक रूप ‘वादयति’, म्हणजे बोलायला लावतो. आणि याच रूपाचा दुसरा अर्थ वाजवतो असा आहे. ज्याला बोलायला लावायचे ते वाद्य. ‘वाद्यते’चे प्राकृतात ‘वज्जइ’ झाले आणि मराठीत ते ‘वाजणे’ होऊन आले. म्हणजे आपण ढोलकी वाजते म्हणतो तेव्हा, शब्दाच्या पोटात शिरून पाहिले तर, ढोलकी बोलवली जाते असेच म्हणत असतो. वाद, संवाद, वाद्य आणि वाजणे ही एका आईची चार लेकरे आहेत. ही व्युत्पत्ती मला पहिल्यांदा उमगली त्या दिवशी मी जेवण विसरलो होतो, हे येथे कबूल करून टाकतो.

हे केवळ पोथीतले नाही. शिवाजी पेठेत मर्दानी खेळांचा सराव पाहायला मी अधूनमधून जातो. एका संध्याकाळी हलगीवाल्याने कागद आणि वाळकी चिपाडे पेटवून त्या जाळावर हलगी धरली, पुनःपुन्हा फिरवली, बोटाच्या पेराने कातड्यावर एक टिचकी मारली, मान हलवली आणि परत जाळावर धरली. “अजून बोलंना झालीया,” तो म्हणाला. तिसऱ्या खेपेला टिचकी कडक उमटली तेव्हा “आता बोलली” म्हणून तो उठला, आणि एका हातात जाड टिपरू व दुसऱ्या हातात बारीक काडी घेऊन त्याने जो कडकडाट सुरू केला, त्यानंतर पाच मिनिटे कोणाला एकमेकांचे बोलणे ऐकू आले नाही. त्या माणसाने वद् धातू चालवून पाहिलेला नसणार. तरी त्याचे वाक्य पाणिनीला पटले असते. तबल्याच्या अक्षरांनाही आपण ‘बोल’च म्हणतो, आणि कथक नर्तक ते बोल नाचण्याआधी तोंडाने म्हणून दाखवतो तेव्हा, म्हणजे पढंत करतो तेव्हा, त्यात एकही सूर लागत नसताना जाणकार सभागृह टाळ्या देते. तेथे कोणी परीक्षक उठून हे नुसते बोलणे आहे असे म्हणाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ज्यांना संस्कृत प्रमाणच हवे असेल त्यांनी नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय उघडावा. ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य घेतले, सामवेदातून गीत घेतले, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेतले, असे भरत सांगतो. पाठ्य आणि गीत वेगळे आहेत, हे तर परीक्षकांच्याही आधी भरताला ठाऊक होते. पण त्याने पाठ्याला खाली बसवले नाही, यादीत पहिले स्थान दिले.

वद् धातूचे आणखी एक लेकरू आपल्या कोल्हापुरात फार लाडाने वाढले आहे, ते म्हणजे पोवाडा. पोवाडा किंवा पवाडा हा ‘प्रवाद’ या शब्दापासून, म्हणजे प्र आणि वद् यांपासून आला असे मानणाऱ्यांत मी आहे. ज्ञानेश्वरीत ‘पवाड’ येतो तो गीत या अर्थाने नव्हे, तर पराक्रम, थोरवी या अर्थाने; म्हणजे आधी गाजलेली गोष्ट आणि मग ती गाजवणारी रचना, असा त्या शब्दाचा प्रवास दिसतो. आमच्या परिचयाचे एक निवृत्त प्राध्यापक या व्युत्पत्तीवर नेहमी नाक मुरडतात, कारण ‘द’चा ‘ड’ कसा झाला हे त्यांना पटत नाही. त्यांनी संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना ज्याला ते हाकलत असतात त्या डासाचा विचार करावा. तो ‘दंश’ या शब्दापासून आला आहे, आणि तेथे ‘द’चा ‘ड’ झाला म्हणून त्याने चावणे थांबवलेले नाही.

पोवाडा ऐकताना आपण नेमके काय ऐकतो, हेही परीक्षकांनी आठवून पाहायला हरकत नव्हती. ज्या गावाने पिराजीराव सरनाईक यांच्यासारखा शाहीर जवळून ऐकला, त्या गावात तरी हे सांगावे लागू नये. शाहीर सगळ्या ओळी गात नाही. तो मध्येच सूर सोडून देतो, घटना भरभर सांगू लागतो, ओळी लहानमोठ्या होतात, शब्द डफाच्या मागेपुढे पळतात, आणि नेमक्या ठिकाणी येऊन ते डफाशी असे भिडतात की मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांचा ‘जी जी रं जी’ आपोआप बाहेर पडतो. दोन फडांची जुगलबंदीही आपल्याला नवी नाही. शक्ती श्रेष्ठ म्हणणारे कलगीवाले आणि शिव श्रेष्ठ म्हणणारे तुरेवाले रात्रभर एकमेकांना कोडी घालत, उत्तरे देत, टोमणे मारत. वर्तमानपत्रे हल्ली दोन पुढाऱ्यांच्या भांडणाला ‘कलगीतुरा’ म्हणतात, तेव्हा त्या भेदिक शाहिरांच्या यमकांची मला दया येते.

याचा अर्थ रॅप आपल्याकडूनच तिकडे गेला, असा मात्र कोणी काढू नये. तसे छातीठोकपणे सांगणारे लोकही मला भेटले आहेत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका इमारतीतील मेजवानीत, जमैकात जन्मलेल्या कूल हर्क नावाच्या तरुणाने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने फिरवून, ज्या जागी गायन थांबते आणि केवळ तालवाद्ये उरतात तो तुकडा लांबवत नेला. नाचणारे त्या तुकड्याची वाट पाहत असत, हे त्याच्या ध्यानात आले होते. त्या ठेक्यावर ध्वनिक्षेपकातून लोकांना चेतवणारे बोलणे सुरू झाले आणि बोलता बोलता ते यमकांत गेले. ही त्यांची गरज, त्यांची वस्ती आणि त्यांची कमाई आहे. तिकडे अशा बोलणाऱ्याला ‘एमसी’ म्हणतात, म्हणजे मुळात समारंभाचा सूत्रसंचालक. भगिनींच्या पत्रात एक वाक्य असे आहे की, त्या स्पर्धेत सूत्रसंचालकांनी प्रत्येक स्पर्धकाआधी एक चारोळी म्हटली आणि परीक्षकांनी त्यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार केला. यावर मी काही लिहीत नाही.

ठोका या अर्थाचा शब्द बोलण्यासाठी इंग्रजीने वापरला याचे ज्यांना नवल वाटते, त्यांनी मराठी क्रियापदांकडे पाहावे. आपण भाषण ठोकतो, आरोळी ठोकतो, गप्पा मारतो, हाणतो, झोडतो, बाता मारतो, टोमणे मारतो, हाक मारतो. बोलण्याला एवढा मार देणारी दुसरी भाषा शोधायची तर फारसीकडे जावे लागते. गप्पांमधील ‘गप’ फारसीच आहे आणि फारसीत ‘गप जदन’ म्हणजे गप्पा मारणे, ‘हर्फ जदन’ म्हणजे बोलणे. ‘जदन’चा मूळ अर्थ मारणे, आणि वाद्य वाजवण्यालाही तेथे तेच क्रियापद लागते. मारणे, वाजवणे आणि बोलणे या तिन्हींना एकच शब्द! आपले ‘गप्पा मारणे’ हे त्या ‘गप जदन’चे दरबारातून उतरलेले मराठी रूप असावे, असा माझा अंदाज आहे, अंदाज आहे, पण सोडायला मी तयार नाही.

येथून मी ‘थाप’ या शब्दावर येतो. डफावर पडते ती थाप, पाठीवर पडते ती शाबासकीची थाप, आणि लोक मारतात ती खोटी गोष्ट म्हणजेही थाप. वर उल्लेख केलेले प्राध्यापक ‘थाप’ हा शब्द ‘स्थापना’शी जोडतात. त्यांनी कधी चुलीपुढे बसून पाहिलेले नसावे. माझी आजी काठवटीत जोंधळ्याच्या पिठाचा गोळा घेऊन भाकरी थापायची तेव्हा उजव्या तळव्याचा सपक सपक आवाज, डाव्या बोटांनी दिलेला फिरका आणि बांगड्यांची मधली किणकिण मिळून असा ठेका धरला जाई की भाकरी केव्हा गोल झाली हे कळत नसे. त्यात कसलीही स्थापना नव्हती, हात पडण्याचा आवाज होता. ‘थप’ हा ध्वनीवरून झालेला शब्द आहे. थापणे, थापटणे, थोपटणे ही त्याचीच पिल्ले. खोटे बोलणे हा अर्थ मात्र कोठून आला? माझ्या मते, बोलणे आणि ठोकणे यांचे जे नाते वर दाखवले त्यातूनच. ठोकलेले बोलणे आधी जोरदार असते, मग अतिशयोक्त होते, आणि शेवटी खोटे ठरते. रॅपचा आणि थापेचा प्रवास निम्म्या वाटेपर्यंत अगदी एक आहे. पुढे एक कलेच्या फाट्याला वळला आणि दुसरी पुढाऱ्यांच्या हाती लागली.

तेव्हा रॅपला मराठीत ‘थाप’ म्हणावे असे मला फार वाटते. तसे झाले तर ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला ‘थापा मारतो’ असे उत्तर भगिनींना द्यावे लागेल, याची मला जाणीव आहे. चित्रपटांतील बराच रॅप ऐकला तर ते उत्तर खोटेही ठरणार नाही. गाडी, घड्याळ आणि गॉगल यांची यादी ठेक्यावर वाचून दाखवणे ही कला आहे, असे मी म्हटलेले नाही. टाकाऊ पोवाडेही गाडीभर सापडतात. अमेरिकी रॅपर केंड्रिक लामार यांच्या अल्बमला २०१८ साली संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि अभिजात व जॅझ संगीताबाहेरील कृतीला ते प्रथमच मिळाले, याचा दाखला लोक देतात. तोही मला फारसा उपयोगी वाटत नाही, कारण पारितोषिक देणारेही परीक्षकच असतात. ज्या गावात थोर गायक अल्लादिया खाँसाहेब राहिले आणि लयीशी खेळ म्हणजे काय हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले, त्या गावाने शब्द ठेक्यावर कोठे पडतो आणि कोठे मुद्दाम हुकतो हे कानाने तपासावे, एवढेच पुरे.

तर्कशुद्ध मंडळींनी सुचवलेले ‘तालकाव्य’, ‘लयवाणी’ वगैरे शब्द सत्काराच्या हारासारखे आहेत. ते एका दिवसात वाळतात. ‘थाप’ म्हणण्याचा मोह मीही आवरतो. ‘रॅप’च म्हणावे. आपला ‘शाहीर’ अरबी ‘शाइर’पासून आला, त्याच्या हातातील डफाचे नावही बाहेरूनच आले, आणि दोघांच्या मराठीपणाबद्दल आजवर कोणी शंका घेतलेली नाही.

मुलाच्या ओळी अशा आहेत :

रंकाळा भरला, पन्हाळा विरला धुक्यात,
उन्हाळा सरला, तरी जाळ उरला डोक्यात.

केवळ यमके जुळवली आहेत असेही परीक्षक म्हणाले म्हणे. ‘यम’ म्हणजे जुळे; संस्कृत यमकात तोच अक्षरसमूह वेगळ्या अर्थाने पुन्हा यावा लागतो, ओळीच्या टोकाला सारखा आवाज आला की झाले, हा अर्थ आपण नंतर ढिला करून घेतला. यमकांचा सोस असणाऱ्याला नावे ठेवणे मराठीत जुनेच आहे. वामन पंडितांना लोक ‘यमक्या वामन’ म्हणत. आणि ज्या पन्हाळ्याचे नाव या मुलाने घेतले तेथेच १७२९ साली जन्मलेल्या मोरोपंतांनी ओठांना ओठ न लावता म्हणता येईल असे निरोष्ठ रामायण रचले, ते काही नाइलाज म्हणून नव्हे. या दोन ओळींत रंकाळा, पन्हाळा आणि उन्हाळा ही तीन टोके लागल्यावर कान चौथ्या ‘आळा’ची वाट पाहतो, आणि तेथे मुलाने शेवटचा ‘आ’ तोडून ‘जाळ’ आणला आहे. तो शब्द अर्धी मात्रा आधीच संपतो, त्यामुळे ठेका उघडा पडतो. हे त्याने जाणून केले असेल तर त्याला पैकीच्या पैकी गुण, आणि नकळत झाले असेल तर त्याचा कान चांगला आहे.

एक दोष मात्र दाखवलाच पाहिजे. ‘धुक्यात’ आणि ‘डोक्यात’ यांत ‘उ’ आणि ‘ओ’ यांचा मेळ बसत नाही, आणि मोरोपंतांनी हे खपवून घेतले नसते. ‘धुक्यात’शी ‘मुक्यात’ जुळेल, पण मग जाळ भलतीकडेच जाईल. म्हणून ते यमक त्याने तूर्त आहे तसेच राहू द्यावे.